सल्ला : कॅमेरा घेण्याआधी मुलांच्या हातातला फोन पाहा

पत्राचा सारांश : बीड जिल्ह्यातील एका खेड्यात, अनुदानित माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. दिवाळीच्या आगेमागे त्यांच्या नववी-दहावीच्या वर्गातील काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गेल्या हंगामात या मुलांसाठी त्यांनी वीस-वीस मिनिटांचे व्हिडिओ तयार करून व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले. रात्री घरचे सगळे उरकल्यावर चित्रीकरण आणि मग संपादन, यात बारा-एक वाजत. व्हिडिओ पाहिले मात्र मोजक्याच मुलांनी. लातूरला शिकवणी वर्ग चालवणाऱ्या एका नातेवाइकाने त्यांना चांगला कॅमेरा, दिवे, लिहिण्याची डिजिटल पाटी आणि नवा लॅपटॉप घेण्यास सुचवले असून खर्चाचा अंदाज ७० हजारांचा आहे. त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढण्याचा विचार चालू आहे. वेळेच्या नियोजनासाठी त्यांनी तीन-चार अ‍ॅप वापरून पाहिली, पण एकही आठवडाभर टिकले नाही. त्या विचारतात, "कोणती साधने घेऊ, कोणते अ‍ॅप वापरू, आणि माझ्या अंगी शिस्तच नाही असे समजू का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात टेबलाचे, दिव्याचे, फोनचे आणि घड्याळाचे वर्णन तपशिलाने आले आहे, परंतु तुमचा व्हिडिओ जिथे जाऊन पोचतो त्या ठिकाणाबद्दल एकच वाक्य आहे : "मुले बघतच नाहीत." ती का बघत नसावीत याचा विचार आपण आधी करू, कारण कोणते साधन घ्यावे याचे उत्तरही माझ्या मते तिथेच सापडेल.

तोडीवर गेलेल्या कुटुंबाचा दिवस कसा जातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पहाटे अंधारात फडात जायचे, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या आणि वाहन कोणत्याही वेळी आले तरी ते भरून द्यायचे. दहावीतली मुलगी असेल तर स्वयंपाक, पाणी आणि धाकटी भावंडे तिच्याकडे असतात. मुलगा असेल तर तो बहुधा हाताखालीच लागतो. स्मार्टफोन असलाच तर एक, आणि तोही वडिलांच्या खिशात, कारण मुकादमाचा फोन केव्हा येईल याचा नेम नसतो. कोपीत, म्हणजे तोडीच्या जागी उभारलेल्या तात्पुरत्या झोपडीत, वीज असेलच असे नाही, त्यामुळे फोन चार्जिंगसाठी जवळच्या टपरीवर ठेवावा लागतो. अशा घरात मुलाच्या हाती फोन आलाच तर रात्री, फार तर अर्धा तास येतो, आणि तोवर दिवसाचा डेटा तळाला गेलेला असतो. वीस मिनिटांचा व्हिडिओ दाबून बराच लहान केला तरी साधारण पाऊणशे एमबीचा होतो. अशक्त रेंजवर तो उतरता उतरताच मुलाचा अर्धा तास संपतो. नव्या कॅमेऱ्याने चित्र अधिक स्पष्ट येईल आणि फाइल अधिक जड होईल, म्हणजे ७० हजार खर्चून तुम्ही तुमची अडचण वाढवून घ्याल.

साधनांकडे वळण्याआधी एक प्रश्न विचारतो, तो पटला नाही तर सोडून द्या. या मुलांपैकी किती जणांना गावातच ठेवता येईल, हे पालकांशी बोलून झाले आहे का? आजी-आजोबांजवळ राहणारे मूल, हंगामी वसतिगृह, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची शासकीय वसतिगृहे, हे सगळे मार्ग फोनवरच्या शिक्षणापेक्षा शंभर पटींनी चांगले आहेत. खालच्या वर्गातली मुले जाणारच असतील तर त्यांच्याबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे ती जिथे जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता येईल. आपल्याला ऑनलाइन शिकवता येते या समाधानात हे जुने आणि कंटाळवाणे काम मागे पडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. दहावीच्या एका मुलीची आजी तिला ठेवून घ्यायला तयार झाली, तर ते तुमच्या शंभर व्हिडिओंहून मोठे काम झाले असे मी मानीन.

आता ज्यांना जावेच लागते त्यांच्याविषयी. तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे, आणि ते तुमचे एकटीचे नाही, ऑनलाइन शिकवणाऱ्या बहुतेकांचे आहे : धडा नीट समजावून सांगितला, मुलाने तो नीट ऐकला, की शिकणे झाले. वर्गात आपण या समजुतीवर निभावून नेतो, कारण समोरच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळते, आपण मधेच प्रश्न विचारतो, फळ्याजवळ बोलावतो. व्हिडिओत यातले काहीच होत नाही. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, तर काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आणखी लक्षात घेण्यासारखे म्हणजे पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला हे चांगले लक्षात राहील असा अधिक भरवसा वाटत होता. मराठवाड्यात हे नवे वाटायचे कारण नाही. लातूर पॅटर्न म्हणून जे ओळखले जाते त्यात सराव परीक्षांचा जो रतीब असतो, त्याच्या यशामागे हेही एक कारण आहे. त्या पॅटर्नचा ताण आणि खर्च यांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, पण आठवायला लावल्याने विषय पक्का होतो, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

व्हिडिओच्या लांबीबद्दलही सांगतो. २०१४ मध्ये गुओ, किम आणि रुबिन या संशोधकांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील चार अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी सर्वसाधारण विद्यार्थी सहा मिनिटांच्या पलीकडे टिकत नव्हता. महागड्या स्टुडिओत केलेल्या चित्रणापेक्षा शिक्षक आपल्या टेबलाशी बसून बोलतो आहे असे साधे चित्रण अधिक पाहिले जात होते, हेही त्यात आढळले. हे विद्यार्थी स्वतःहून नाव नोंदवलेले, बहुतांशी सुस्थितीतले होते. त्यांची ही गत, तर दिवसभर फडात राबलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाकडून वीस मिनिटांची अपेक्षा कशी ठेवावी?

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की या मुलांपुरता व्हिडिओ बाजूला ठेवा आणि प्रश्न व आवाज यांवर भिस्त ठेवा. संध्याकाळी गटावर एक प्रश्न लिहून टाकायचा, चित्र नाही, फाइल नाही, फक्त मजकूर. समजा, अंकगणिती श्रेढी चालू आहे : "३, ७, ११, १५... या श्रेढीचे विसावे पद कोणते?" मुलांनी वहीत सोडवून फक्त उत्तराचा आकडा कळवायचा, साध्या बटणांच्या फोनवरून एसएमएस आला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन-तीन मिनिटांचे बोलणे रेकॉर्ड करून पाठवायचे, आणि ते आलेल्या उत्तरांना धरून असावे. "ज्यांचे उत्तर ७९ आले त्यांचे बरोबर आहे. ज्यांचे ८३ आले त्यांनी काय केले ते सांगते. तुम्ही ३ मध्ये ४ वीस वेळा मिळवले. वही काढा, पहिल्या पदावर बोट ठेवा आणि विसाव्या पदापर्यंत किती उड्या माराव्या लागतात ते मोजा. एकोणीस होतात, हो ना? मग १९ चोक ७६, आणि ३, एकूण ७९." एवढेच. तीन मिनिटांची अशी ध्वनिफीत एक एमबीच्या आत बसते, भाकरी थापताना ऐकता येते, आणि मुख्य म्हणजे ८३ उत्तर काढलेल्या मुलाला आपल्या बाईंनी आपली चूक नेमकी ओळखली हे कळते. वीस मिनिटांच्या निर्दोष व्हिडिओतून हे साधत नाही.

भूमिती किंवा भिंगांच्या किरणाकृती केवळ आवाजाने शिकवता येणार नाहीत, हे मान्य. तिथे कागदावर स्वच्छ आकृती काढून, दिवसाच्या उजेडात तिचा एक फोटो आणि सोबत बोलणे पाठवावे. "पाठ्यपुस्तकाचे अमुक पान उघडा, त्यावरील दुसरी आकृती पाहा," असेही सांगता येते, कारण पुस्तक तर मुलांच्या दप्तरात आहेच. पुस्तकातील क्यूआर कोडवरून दीक्षा अ‍ॅपवरचे साहित्य मिळते, त्यामुळे जे तिथे चांगले तयार आहे ते तुम्ही पुन्हा रात्री जागून करण्यात अर्थ नाही; मुलांना तुमच्याकडून हवी आहे ती त्यांच्या वहीची तपासणी. ज्यांच्याकडे इंटरनेटच नाही अशा चार-पाच मुलांना आठवड्यातून एकदा साध्या फोनच्या कॉन्फरन्स कॉलवर एकत्र घेता येते. दहा मिनिटे पुरतात.

दुसरे साधन त्याहून स्वस्त आहे आणि त्याला चार्जिंग लागत नाही. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये पत्त्यांच्या पेटीची एक पद्धत मांडली. पत्त्याच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर आले की पत्ता पुढच्या कप्प्यात जातो, चुकले की कोणत्याही कप्प्यातून थेट पहिल्या कप्प्यात परततो. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, त्यापुढचे आणखी सावकाश. यामागचे तत्त्व त्याहून जुने आहे. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते आणि उजळणी दिवसांमध्ये विभागली तर श्रम वाचतात, हे दाखवले होते. आज अँकी नावाचे अ‍ॅप हेच काम आपोआप करते, संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ते फुकट आहे, आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या वाचकांनी ते जरूर वापरावे. परंतु वडिलांच्या फोनवर अवलंबून असलेल्या मुलाला कागदच बरा.

पत्ते करायला जुन्या लग्नपत्रिकांइतका चांगला माल नाही. उन्हाळ्यात प्रत्येक घरी त्यांचा ढीग साचतो, कागद जाड असतो आणि बहुतेकींची मागची बाजू कोरी असते. एका पत्रिकेचे चार तुकडे होतात. कप्प्यांच्या पेटीऐवजी तीन रबरबँड आणि एक कापडी पिशवी द्यावी, म्हणजे सामानाच्या बोचक्यात ती सहज मावते. पत्ते मुलांकडूनच, जाण्यापूर्वी, वर्गात लिहून घ्यावेत. तुम्ही छापून दिलेत तर निम्मा लाभ गेला, कारण प्रश्न तयार करणे हीच एक उजळणी आहे. प्रश्न लहान हवेत. "गुरुत्वाकर्षण समजावून सांगा" हा पत्ता निरुपयोगी आहे. "दोन वस्तूंमधील अंतर दुप्पट केले तर गुरुत्वबल किती होईल?" हा चांगला, कारण उत्तर एका ओळीत येते आणि बरोबर की चूक हे मुलाला स्वतःच ठरवता येते. एक चतुर्थांश, हे मागे लिहिलेले असते. धाकट्या भावाला अक्षरओळख असेल तर तोही प्रश्न विचारू शकतो.

व्हिडिओ पूर्णपणे सोडा असे मी म्हणत नाही. गावात राहिलेली मुले, गैरहजर राहणारी मुले आणि तुमच्यासारखे इतर शिक्षक यांना ते उपयोगी पडतील, म्हणून घरच्या घरी ते कसे करावे हेही लिहितो. २०२० च्या टाळेबंदीत कोणी कपड्यांचा हँगर चिंध्यांनी बांधून त्यात फोन अडकवला, तर कोणी फ्रिजमधला पारदर्शक ट्रे दोन डब्यांवर आडवा ठेवून त्यावर फोन पालथा ठेवला आणि खाली कागदावर लिहीत शिकवले. या दुसऱ्या पद्धतीला माझे मत आहे. दोन्ही बाजूंना एकाच उंचीचे डबे घ्या, त्यांत तांदूळ किंवा ज्वारी भरलेली असू द्या म्हणजे ते हलणार नाहीत, आणि उंची अशी ठेवा की पानाच्या चारही कडा चौकटीत दिसतील. दिवा लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला ठेवावा, नाही तर स्वतःच्याच हाताची सावली अक्षरांवर पडते. जाड स्केचपेन वापरा. बॉलपेनची अक्षरे लहान पडद्यावर दिसत नाहीत.

चित्रापेक्षा आवाजाकडे अधिक लक्ष द्या, कारण अंधूक चित्र माणूस सोसतो, पण घुमणारा आवाज दोन मिनिटे ऐकवत नाही. तुमचे घर पत्र्याचे आहे असे तुम्ही लिहिले आहे. अशा खोलीत आवाज घुमतो आणि वाऱ्याने पत्रा वाजतो तो वेगळाच. समोर दोरीवर एक वाकळ टांगा, पंखा बंद ठेवा आणि माइक तोंडाच्या जवळ आणा. अंतर निम्मे केले की माइकपर्यंत पोचणारी तुमच्या आवाजाची तीव्रता सुमारे चौपट होते आणि खोलीतला गोंधळ तेवढाच राहतो, हे विज्ञानाच्या शिक्षिकेला मी सांगायला नको. कॉलरला लावायचा वायरचा माइक काही शे रुपयांत मिळतो, आणि खरेदी करायचीच तर सर्वांत आधी ती करा. लॅपटॉपवर पडदा रेकॉर्ड करायचा असेल तर ओबीएस स्टुडिओ आणि आवाज स्वच्छ करायला ऑडासिटी, हे दोन्ही प्रोग्रॅम विनामूल्य आहेत व साध्या लॅपटॉपवर चालतात. पाच मिनिटांपेक्षा अधिक बोलू नका, आणि पडद्यावर लिहिलेले वाक्य शब्दशः वाचून दाखवू नका.

आता शिस्तीविषयी. दिवसभर शाळा, नंतर घर, मग रात्री नऊ ते बारा चित्रीकरण, हा क्रम हंगामभर पेलणाऱ्या व्यक्तीने स्वतःला बेशिस्त म्हणवून घ्यावे, हे मला पटत नाही. तुमची अ‍ॅप टिकली नाहीत, कारण त्यांत तुम्ही मावणार नाहीत इतकी कामे भरली होती. भरलेल्या एसटीत कंडक्टर बदलल्याने जागा होत नाही. कामच कमी करायला हवे, आणि त्यातले सर्वांत मोठे काम संपादनाचे आहे. ते बंद करा. बोलताना चूक झाली तर क्षणभर थांबून "पुन्हा सांगते" म्हणा आणि पुढे चला. वर्गातही आपण तेच करतो. आठवड्याचे प्रश्न एकाच बैठकीत, शक्यतो रविवारी सकाळी, वहीत लिहून ठेवा, म्हणजे रोज संध्याकाळी आज काय पाठवू हा विचार करावा लागणार नाही. फाइलला "दहावी-गणित-श्रेढी-०३" असे नाव देऊन ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाव टिकते आणि पुढच्या वर्षी शोधता येते. हे एक काम आज कंटाळवाणे वाटेल, पण दुसऱ्या हंगामात तुमचे निम्मे श्रम त्यानेच वाचणार आहेत.

फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून २५ मिनिटे काम आणि मग थोडी विश्रांती अशी पद्धत सुरू केली, ती तुम्ही अ‍ॅपमध्ये पाहिली असेलच. तिचा उपयोग आहे, परंतु २५ या आकड्यात काही जादू नाही. तुम्हाला सलग पंधरा मिनिटेच मिळत असतील तर पंधराचा गजर लावा, आणि तेवढा वेळ फोन विमान मोडवर ठेवून वही तपासा. ती पंधरा मिनिटे तरी अखंड मिळावीत यासाठी घरातल्यांशी बोलणे हे कोणत्याही अ‍ॅपपेक्षा महत्त्वाचे आहे. रात्रीची भांडी आणि मुलांचा अभ्यास यांतले एक काम आठवड्यातून चार दिवस दुसऱ्या कोणी घ्यावे, असे स्पष्ट सांगायला हरकत नाही. पत्रात घरातल्या इतर मोठ्या माणसांचा उल्लेख आहे, पण त्यांच्या कामाचा नाही.

कर्ज काढू नका. हा एक हंगाम वायरचा माइक, दोन डबे, एक ट्रे आणि लग्नपत्रिका यांवर काढा, आणि वहीच्या मागच्या पानावर कोणत्या मुलाचे उत्तर कोणत्या दिवशी आले एवढीच नोंद ठेवा. उत्तरे येत असतील आणि गावातल्या मुलांसाठी पडद्यावर लिहिण्याची खरोखर अडचण भासत असेल, तर लिहिण्याची साधी डिजिटल पाटी दोन-चार हजारांत मिळते. तीही शाळेने घ्यावी, असा अर्ज मुख्याध्यापकांकडे करा. उत्तरे येत नसतील तर त्या पालकांना फोन करून कारण विचारा. ते बहुधा अभ्यासाबाहेरचे निघेल.

टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, म्हणून सहामाही परीक्षेच्या निकालाला पालक येतील तेव्हाच त्यांना थोडा वेळ थांबवून घ्या. फोन कोणाचा, तो रात्री किती वाजता मुलाच्या हाती येईल, कोणत्या कारखान्याकडे जाणार आणि टोळीत दुसऱ्या कोणाकडे स्मार्टफोन आहे, हे लिहून घ्या. पाच-सहा मुले एकाच टोळीत असतील तर त्यांचा एक गट करून पत्ते एकमेकांत फिरवायला सांगा. आणि दहावीच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत, लेखी परीक्षेच्या आधी होणाऱ्या तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षेसाठी त्याला गावी कोण आणून सोडणार आणि तो कोणाच्या घरी राहणार, हे पालकांकडून त्याच दिवशी ठरवून घ्या. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेले कुटुंब हंगाम अर्धवट सोडून येऊ शकत नाही, त्यामुळे मुलाच्या एकट्याच्या प्रवासाची सोय आधीच व्हायला हवी.